रुखवतातला पृथ्वीचा गोल

सांगलीच्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट आहे. सासऱ्यांची हळदीची अडत असल्यामुळे खोलीत येणारा नवा माणूस आधी शिंकतो आणि मग कपाटाकडे बघतो. वरच्या फळीवर चिनी मातीची भांडी आहेत. मधल्या फळीवर पृथ्वीचा गोल आहे, त्याच्या एका बाजूला लाकडी ठोकळे आणि रंगीत मण्यांची चौकट, दुसऱ्या बाजूला चित्रांची पुस्तकं. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, हे आमच्या सूनबाईचं रुखवत, इंग्रजी शाळेत शिकलेली आहे ती. पाहुणे माझ्याकडे बघतात आणि मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, मी लाजले.

ते रुखवत माझं नव्हतं. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात मुलींचा एक वर्ग भरत असे, त्या वर्गाचं ते सामान होतं. मीच ते वर्गाला दिलं होतं, म्हणून ते माझं नव्हतं. एवढी साधी गोष्ट मला कुणालाच समजावून सांगता आली नाही.

माझे वडील पलटणीत सुभेदार. त्यांच्या बदल्यांबरोबर आम्ही छावण्यांतून फिरलो आणि शेवटी बेळगावला राहिलो. तिथे एका साहेबाच्या मडमेच्या आग्रहावरून मला इंग्रजी शाळेत घातलं. लढाई सुरू झाली, वडील मिसर देशात, म्हणजे इजिप्तला गेले, आईनं मला घेऊन गावी परतायचं ठरवलं, आणि शाळेतल्या बालवर्गाच्या खोल्या जखमी शिपायांच्या खाटांसाठी रिकाम्या करायचं ठरलं. बालवर्गाच्या गोऱ्या सिस्टरनं मला बोलावून सामानाचे दोन पेटारे दाखवले. तू गावी जाते आहेस, तिथे लहान मुलं असतील, त्यांना हे दे, बंद राहिलं तर कसर खाईल, असं ती म्हणाली. मी मान हलवली. मी त्या वयात बहुतेक प्रश्नांना मान हलवूनच उत्तर देत असे.

गावी आल्यावर मी कुणाचीच झाले नाही. माझी मराठी स्वयंपाकघरापुरती होती. विहिरीवर बायका मला काही विचारत आणि मी उत्तर जुळवेपर्यंत त्यांचा हंडा भरून निघालेला असे. गावाच्या दुसऱ्या टोकाला चुलत्यांचं एक घर होतं, त्याच्या पडवीत मुलींचा वर्ग भरायचा. बिगरीपासून चौथीपर्यंतच्या सगळ्या मुली त्या एका पडवीत बसायच्या. त्यांच्याजवळ काय होतं, तर कोपरे फुटलेल्या पाट्या, थोरल्या बहिणीकडून धाकटीकडे आलेल्या. एक फळा होता आणि जिल्ह्याचा एक नकाशा, त्यातला मेढ्याकडचा डोंगराळ भाग उंदरांनी नेलेला. लढाईमुळे कागद मिळेनासा झाला होता. पुस्तक म्हणाल तर ते बाईंच्या हातात एकच असायचं, आणि मुली त्याची पाठची बाजू बघत मोठ्यानं म्हणायच्या.

बाई वाईच्या होत्या. तरुणपणीच कपाळ पांढरं झालेलं, मग शिकून मास्तरीण झालेल्या. मी पडवीच्या खांबाला टेकून रोज उभी राहते, हे त्यांनी पाहिलं आणि एक दिवस म्हणाल्या, "उभी का? आत ये, बस. तुला काही विचारणार नाही मी." ते शेवटचं वाक्य त्या म्हणाल्या नसत्या तर मी आत गेले नसते. त्या गावात मी मोकळेपणानं बोलले असेन तर त्या एका बाईंशी. दुसऱ्या दिवशी मी पेटारे उघडले.

पुस्तकं इंग्रजी होती, पण चित्रं कुणाच्या भाषेची नसतात असं मला वाटलं होतं. तेही तितकंसं खरं नव्हतं. बर्फानं भरलेल्या अंगणाचं चित्र मुलींच्या पुढे धरलं तेव्हा एकीनं विचारलं, "एवढं मीठ कुनी सांडलं?" आणि सगळ्या हसल्या. मी बर्फ म्हणजे काय ते सांगू लागले आणि अडखळले. बाईंनी शब्द पुरवले. मग मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडा कापून त्यावर मराठी शब्द लिहायला लागले आणि कणकेच्या खळीनं ते इंग्रजीवर चिकटवले. शेतातल्या एका चित्राखाली काय लिहावं ते मला येईना. मुलींनी सांगितलं, कडब्याची गंज. अशी ती पुस्तकं त्यांनी आणि मी मिळून मराठी केली. जुन्या चोळ्यांच्या चिंध्या कापून मी गोणपाटावर बाराखडी शिवली. बिगरीतल्या मुली अक्षरावरून बोट फिरवत, कापडाची शिवण बोटाला लागे आणि वळण लक्षात राही. बाई म्हणायच्या, पाटीवर महिना लागतो ते हिच्यावर आठवड्यात येतं.

मण्यांच्या चौकटीसाठी भांडणं व्हायची. ठोकळ्यांनी एकदा त्यांनी अख्खं गाव मांडलं, चावडी, विहीर, मारुतीचं देऊळ, आणि आमच्या घरासाठी सगळ्यांत मोठा ठोकळा ठेवला. पण त्यांचा जीव होता तो पृथ्वीच्या गोलावर. पितळेच्या पायावर बसवलेला, आसाला धरून फिरवायचा. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत असतो, आणि तेव्हा ती सगळी माणसं समुद्रापलीकडे होती. दुसरीतली एक मुलगी, वर्गात सगळ्यांत बारकी, दोनतीन दिवस गोलाभोवती घुटमळली आणि मग तिनं विचारलं, "ताई, ह्यात बरमा कुठं हाय?"

तिचे वडील ब्रह्मदेशात होते. मी तिला जागा दाखवली. तिनं एका हाताचं बोट तिथे ठेवलं आणि आपला मुलूख विचारून दुसऱ्या हाताचं बोट तिथे ठेवलं. दोन बोटांमध्ये तिचीच वीतभर जागासुद्धा नव्हती.

"एवढंच?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन आली. मग इतर मुलींच्या आया आल्या. पाण्याच्या खेपा संपवून, पदर सावरत, पडवीच्या कडेला चपला काढून त्या आल्या, देवळात येतात तशा. बारकीच्या आईनं करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन, बोट जरा ओलं करून, ब्रह्मदेशावर टेकवलं. मग दुसरीनं इटलीवर, तिसरीनं मिसरवर. माझी आई मागे उभी होती. शेवटी तीही पुढे झाली आणि मिसरवर, आधीच्या ठिपक्याला लागूनच, तिनं आपलं कुंकू लावलं. मी बाईंकडे बघितलं. वस्तू खराब होते असं त्या म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांचं लक्ष फळ्याकडे होतं, आणि फळा कोरा होता.

त्या दिवसापासून मुली गोल पायाला धरून उचलायच्या आणि आसाला धरून फिरवायच्या. कुंकवाला बोट लावायचं नाही हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. देश त्यांना कुणाच्या बाचा कुठला असे पाठ झाले, मग त्यांच्या शेजारचे देश, मग मधला समुद्र. पाठांतराच्या पुस्तकातून इतका भूगोल त्या पडवीत कधी आला नसता.

मग माझं लग्न ठरलं. सांगलीचं स्थळ, पेठेतली माणसं. वडिलांना रजा मिळणं शक्य नव्हतं, कन्यादान चुलते करणार होते. आईला दिवसरात्र एकच घोर होता, वडील नाहीत म्हणून काही कमी पडलं असं सांगलीकरांनी म्हणू नये. कमी पडत होतं ते रुखवतात. करंज्या, सांजोऱ्या, लाडू घरात होत होते. पण नवरीच्या हातचं म्हणून काय मांडायचं? मला लोकरीचे रुमाल विणता येत नव्हते, मण्यांचे पोपट येत नव्हते. चुलती चुलीपुढून म्हणाली, "इंग्रजी शिकली म्हंजे रुखवतात काय इंग्रजी मांडनार व्हय?" सगळ्या हसल्या. आई हसली नाही.

हळद लागल्यावर मला घराबाहेर जायला बंदी होती. मी आईला विचारलं, रुखवताचं काय केलंस? ती म्हणाली, झालंय, बाईंनी मदत केलीय, तू घोर लावून घेऊ नगंस. बाईंचं नाव ऐकून मला बरं वाटलं. मला वाटलं, बाईंनी वाईहून कुणाकडून विणकाम मागवलं असेल. पुढच्या खोलीत काहीतरी मांडून त्यावर पांढरी चादर घातली होती. त्या चादरीचा उंच झालेला मधला भाग मी येता-जाता पाहिला, आणि मला काही सुचलं नाही.

लग्नाच्या दिवशी मी आतल्या खोलीत गौरीहरापुढे बसले होते. मुंडावळ्या बांधलेल्या, हातात अक्षता. नवरीनं तिथे बोलायचं नसतं, देवीला थोडेथोडे तांदूळ वाहत बसायचं असतं. माझ्यासारखीला ते सोपं वाटत होतं. दारातून पुढची खोली दिसत होती. सांगलीच्या बायका आल्या, चादर उचलली गेली. दोन बायकांच्या मधून मला आधी पितळेचा पाय दिसला. मग त्या बाजूला झाल्या आणि सगळं दिसलं. लाडवांच्या आणि करंज्यांच्या ताटांमध्ये पृथ्वीचा गोल, त्याच्याभोवती ठोकळे रचलेले, पुस्तकं उघडून ठेवलेली, चित्रांखाली चिकटवलेल्या माझ्या चिठ्ठ्या दिसतील अशी. भिंतीवर माझी गोणपाटावरची बाराखडी टांगली होती. मुलींच्या बोटांनी मध्यावरचा एक धागा निघून लोंबत असे, तो कुणीतरी कापून टाकला होता.

चुलती सांगत होती, "समदं पोरीच्या हातचं." नवऱ्या मुलाच्या मावशी वाकून चिठ्ठ्या वाचत होत्या आणि अक्षर कसं वळणदार आहे म्हणत होत्या.

तेवढ्यात बारकी तिच्या आईबरोबर आत आली. नवं परकर-पोलकं, केसात अबोलीचा गजरा. तिनं हात पुढे केला आणि गोलाच्या आसाला धरून तो जरा फिरवला, रोज फिरवते तसा. मावशी म्हणाल्या, "हात नको लावू गं, नवरीच्या हातचं आहे."

"ह्ये आमचं हाय," ती म्हणाली. "साळंतलं."

तिच्या आईनं तिचा हात ओढून घेतला. "गप. ताईंचंच हाय ते. ताईंनी मागून घेतलंया."

मला वाटलं मी उठले आहे. पण मी उठले नव्हते. शेजारी बसलेल्या मामीनं माझ्या गुडघ्यावर हात दाबला आणि हलू नकोस, पूजा मोडेल, असं पुटपुटली. मी अक्षता वाहत राहिले. मूठ रिकामी झाली तरी हात तसाच जात-येत होता.

निघायच्या वेळी बाई घराच्या कडेला, बायकांच्या घोळक्यापासून दूर उभ्या होत्या. अशा वेळी त्यांनी पुढे यायचं नव्हतं, म्हणून मीच गेले आणि वाकले. त्यांनी मला उठवलं, पण हात लगेच सोडला.

"तुला ते परत हवं होतं तर माझ्याशी बोलायचं होतंस," त्या म्हणाल्या. "आईला कशाला पाठवलंस? त्या म्हणाल्या, तू मागायला लाजतेस म्हणून त्या आल्या. मुलींनीच सगळं डोक्यावरून आणून दिलं. मी त्यांना सांगितलं, ज्याची वस्तू त्याला परत द्यायची असते."

मी म्हणाले, मी मागितलं नाही. ते माझ्याच कानाला ऐकू आलं की नाही कोण जाणे, कारण वाजंत्री सुरू होती आणि मामी माझा दंड धरून मला गाडीकडे नेत होती. गाडीपाशी आईनं मला मिठी मारली. ती रडत होती आणि रडता रडता माझ्या कानात सांगत होती, "तुझी मान खाली जाऊ नये म्हनून केलं. बाईंनी आपनहून दिलं सगळं." दोघींचं बोलणं एकाच वेळी खरं असणं शक्य नव्हतं. रहिमतपूरच्या स्टेशनापर्यंत बैलगाडीत मी तेवढंच मनात उलटसुलट करत होते, आणि उत्तर मला पहिल्या वळणालाच कळलं होतं.

सांगलीला चार दिवसांनी सासूबाईंनी कपाटाची मधली फळी रिकामी केली. गोल हातात घेऊन त्या म्हणाल्या, "लग्नाच्या गर्दीत यावर कुंकू सांडलंय वाटतं." त्यांनी ओलं फडकं मागितलं. माझ्या हातात चहाचे पेले होते. मी म्हणाले, राहू द्या ना. त्या हसल्या. डाग कसा राहू द्यायचा, असं म्हणून त्यांनी आधी इटली पुसली, मग मिसर, मग ब्रह्मदेश. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला मी एकटीच तिथे होते.

पुढे मी धीर करून विचारलं, हे सामान गावच्या शाळेला परत पाठवता येईल का. त्या चकितच झाल्या. "रुखवत कुणी परत धाडतं का, सूनबाई? तुझ्या आईला वाटेल, आम्हाला पसंत पडलं नाही. चारचौघांत त्यांची शोभा होईल." घरात सगळ्यांना ते पटलं. मलाही ते चूक आहे असं म्हणता येईना.

नागपंचमीला माहेरचं बोलावणं आलं तेव्हा मी म्हटलं, गावातल्या मुलींना गोल पुन्हा बघायचा आहे. दाखव आणि जपून परत आण, असं म्हणून सासूबाईंनी परवानगी दिली. मी तो दोन लुगड्यांत गुंडाळून ट्रंकेत ठेवला. परत आणायचा नाही हे मी मनाशी ठरवलं होतं. मिरजेला गाडी बदलताना फुटला, असं सांगणार होते.

घरी ट्रंक उघडली तेव्हा आई समोर होती. मी विचारलं, मी मागितलं असं तू बाईंना का सांगितलंस?

तिनं गोल हातात घेतला होता. म्हणाली, "तुझ्या तोंडातनं शब्द निघत न्हाई. लहानपनापासनं तुझ्या वाटचं मीच बोलत आले. तवा बी बोलले."

"मी तसं म्हणाले नव्हते."

"म्हनाली न्हाईस. पर नगं तरी कवा म्हनालीस?"

मग तिनं गोल फिरवला. मिसर शोधायला तिला वेळ लागला. शोधल्यावर ती त्या जागेकडे बघत राहिली आणि तिनं हलक्या आवाजात विचारलं, कुणी पुसलं? मी सांगितलं. ती आत गेली, करंडा घेऊन आली आणि मिसरवर एक ठिपका लावला. बाकीच्या जागा तशाच राहिल्या. ते तिनं लावायचं कुंकू नव्हतं. त्या क्षणी मला तिचा राग यायला हवा होता तितका आला नाही, आणि त्याचाच मला राग आला.

दुसऱ्या दिवशी मी पडवीत गेले. भिंतीवर मुलींनी गेरूनं आणि कोळशानं चित्रं काढली होती, आमच्या पुस्तकांतलीच, आठवतील तशी. मीठ सांडलेलं अंगणही होतं. उसाच्या चिपाडांची चौकट करून त्यात चिंचोके ओवले होते. बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या. बसा." त्यांनी मला पहिल्यांदाच अहोजाहो केलं.

मी त्यांच्याजवळ जाऊन सांगितलं, मी मागितलं नव्हतं.

"असेल," बाई म्हणाल्या. "पण मुलींना ते कसं सांगणार? तुमची आई खोटं बोलली असं सांगणार का? तुमच्याच चुलत्यांच्या पडवीत बसून?"

मी गोल मेजावर ठेवला. मुली जागच्या उठल्या नाहीत. बाईंनी मान हलवल्यावर त्या आल्या. बारकीनं आसाला धरून तो फिरवला आणि ब्रह्मदेशापाशी थांबवला, जागा तिला न शोधता सापडली. तिनं वाकून पाहिलं. मग पुन्हा फिरवला आणि मिसरवरचा ताजा ठिपका बघून विचारलं, "ह्ये कुनाचं?"

"माझ्या वडिलांचं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "आवं ताई, ह्यो परत कवा न्हेनार?"

मी म्हणाले, नेणार नाही, हा तुमचाच. तिनं बाईंकडे पाहिलं आणि ती जागेवर जाऊन बसली. शाळा सुटल्यावर मी गोल तसाच मेजावर ठेवून घरी आले. त्या संध्याकाळी पंचमीचे झोके बांधले होते, मी झोक्यावर बसले, आणि लग्नानंतर पहिल्यांदा मला बरं वाटलं.

सकाळी दारात बारकी उभी होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गोल, दोन्ही हातांनी पितळेचा पाय धरलेला. रस्ताभर ती तशीच चालत आली असणार.

"ताई, तुमचं साळंत इसरलं व्हतं," ती म्हणाली.

बाईंनी पाठवलं का, मी विचारलं.

"न्हाई. म्या आनलं."

तिनं तो उंबऱ्याच्या आत ठेवला, आईच्या कुंकवाला बोट लागू न देता. मग चुंबळ हाताला अडकवून ती शाळेच्या वाटेला लागली.

गोल माझ्याबरोबर सांगलीला परत आला. सासूबाई फडकं घेऊन आल्या तेव्हा मी नको म्हणाले, आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मिसरवरचा ठिपका अजून आहे. ब्रह्मदेश कोरा आहे.